कोल्हापूरच्या पुराच्या पत्रकाची भाषा: आकड्यांना पैकीच्या पैकी, मराठी काठावर पास

जून ते सप्टेंबर कोल्हापूरकर उठल्या उठल्या एक आकडा बघतो: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. जिल्हा प्रशासनाचं पुराचं पत्रक मोबाइलवर फिरत असतं आणि नदीकाठचं रान, गोठा, दुकान, शाळा यांचा दिवस त्याच्यावर ठरतो. म्हणजे ही एक सेवा आहे आणि तिची पारख सेवेसारखीच व्हायला हवी. इथं तपासली आहे ती तिची भाषा. सोबत त्याच घरातल्या आणखी दोन गोष्टी घेतल्या आहेत: गावातून फिरणारा भोंगा आणि तलाठी कार्यालयातून येणारी फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस. कसोटी एकच, ऐकणाऱ्याला किंवा वाचणाऱ्याला पुढं काय करायचं ते कळलं का?

आधी जे उत्तम आहे ते. पातळी फूट आणि इंचांत सांगितली जाते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे गंगावेशीतल्या दुकानदारापासून शिरोळच्या ऊसवाल्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, त्यामुळं ‘४५ झालं’ म्हटलं की आपल्या गल्लीपर्यंत किती उरलं याचा हिशेब लोक मनातल्या मनात करतात. हीच पातळी मीटरमध्ये सांगितली असती तर पत्रकाचा निम्मा उपयोग संपला असता. पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची नावंही नीट येतात: शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. बंधारा गेला म्हणजे त्यावरचा रस्ता गेला, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लोकांचं माप आणि लोकांची नावं वापरली की माहिती पोचते, याचा पुरावा याच पत्रकात आहे.

आता जिथं गाडी अडते ते बघू. धरणातून पाणी सोडल्यावर जी सूचना निघते तिची धाटणी साधारण अशी असते: ‘राधानगरी धरणाचे स्वयंचलित द्वार क्र. ६ खुले झाले असून त्यातून १४२८ व विद्युतगृहातून १५०० असा एकूण २९२८ घ.फू.प्र.से. विसर्ग भोगावती नदीपात्रात सुरू आहे. नदीकाठच्या गावांतील नागरिकांनी सतर्क राहावे.’

यात चुकीचं काहीच नाही. अभियंत्याला, तहसीलदाराला, वार्ताहराला हवं ते सगळं आहे. पण हेच वाक्य परिते किंवा हळदीच्या शेतकऱ्याच्या कानावर गेलं तर? ‘द्वार’ म्हणजे त्याच्या दृष्टीनं देवळाचं. धरणाच्या द्वाराला तो ‘दार’ म्हणतो किंवा ‘दरवाजा’. ‘विसर्ग’ त्यानं शाळेत शिकलाय तो ‘दुःख’मधल्या दोन टिंबांचा. ‘घ.फू.प्र.से.’ (घनफूट प्रति सेकंद, म्हणजेच क्युसेक) मोठ्यानं वाचायला गेलं की वाचणारा माणूसच अडखळतो. मोबाइलचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तर एकेक अक्षर सुटं सुटं म्हणतं. ‘क्युसेक’ हा शब्द मात्र आता गावागावांत रुळलाय, तो परका म्हणून काढून टाकायची गरज नाही. गरज आहे ती त्याला कल्पना जोडायची. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. २९२८ क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास ८३ हजार लिटर, दहा हजार लिटरचे आठ टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे होतायत असं समजा. हे एक वाक्य जोडलं की आकड्याला वजन येतं.

सगळ्यात मोठी उणीव मात्र शेवटच्या दोन शब्दांत आहे. ‘सतर्क राहावे’ म्हणजे नेमकं काय करावं? नदीकाठच्या माणसाला पाणी वाढताना करायची कामं ठरलेली असतात आणि प्रत्येक कामाला त्याच्या तोंडी शब्द आहे. नदीवरची मोटर वर काढायची, पायपी सोडवायच्या, मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या) रानातली जनावरं घराकडं आणायची, वैरण माळ्यावर टाकायची, पाणी गोठ्याकडं सरकलं तर दावी सोडायची. ‘सतर्क’मध्ये यातलं एकही काम नाही. पत्रक वाचून झालं तरी माणूस विचारतो, “मग आता मोटर काढायची का न्हाई?” या प्रश्नाचं उत्तर देणं हेच सूचनेचं काम आहे.

भोंग्यावरून हीच सूचना अशी जायला हवी:

‘आंबेवाडी, चिखलीकरांनो, ऐका. राधानगरीचं एक दार उघडलंय. नदीचं पाणी वाढणार हाय. नदीवरच्या मोटरी आज दिवस मावळायच्या आत वर काढून घ्या. मळीतली जनावरं घराकडं आणा. पाणी गोठ्याकडं आलं तर दावी सोडा. बंधाऱ्यावरनं पाणी जात असलं तर गाडी घालू नका. घरात म्हातारं माणूस, बाळंतीण, आजारी कोण असंल तर त्यांना आजच सोनतळीला पोचवा. मोटरी आजच काढा, उद्यावर ठेवू नका.’

साधारण पंचावन्न शब्द, सावकाश म्हटलं तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास. गावाचं नाव पहिल्यांदा, कारण गाडी पुढं सरकत असते आणि नाव ऐकल्याशिवाय कुणी कान देत नाही. सगळ्यात महत्त्वाचं काम दोनदा, कारण पावसाच्या आवाजात एकदा हमखास हुकतं. ‘१८.०० वाजेपर्यंत’ऐवजी ‘दिवस मावळायच्या आत’, कारण मोटर काढायची ती उजेडातच. क्युसेकचा आकडा भोंग्यावर नाहीच, तो पत्रकात राहू द्या. आणि ‘सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे’ याच्या जागी ठिकाणाचं नाव. चिखलीकरांना सोनतळी म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

इथं एक आक्षेप नेहमी येतो: बोलीत लिहायचं तर शुद्धलेखन कोणतं? ‘हाय’ लिहायचं की ‘आहे’, ‘न्हाई’ की ‘नाय’, ‘करालोय’ की ‘करायलोय’? आक्षेप खरा आहे, पण तो कागदापुरता. भोंगा, फोनवरचा रेकॉर्ड केलेला संदेश, ग्रामपंचायतीच्या ग्रुपवरची आवाजातली सूचना यांत शुद्धलेखन येतच नाही. म्हणून कामाची वाटणी सरळ आहे. मसुदा साध्या प्रमाण मराठीत लिहायचा, त्यात शब्द गावचे घालायचे (दार, मोटर, मळी, दावं, वैरण) आणि बोलणाऱ्याला त्याच्या तोंडानं बोलू द्यायचं. कागदावर ‘आहे’ असलं तरी कोतवालाच्या तोंडून ‘हाय’ बाहेर पडतं. ते दुरुस्त करायला जाऊ नये, एवढंच.

बोली वापरताना कुठं घसरतं तेही सांगायला हवं, कारण अर्धवट केलेली बोली प्रमाण मराठीपेक्षा वाईट. पहिली चूक म्हणजे सिनेमातली कोल्हापुरी. ‘भावा’, ‘नाद खुळा’, ‘लई भारी’ एवढं पेरलं की झाली बोली, असं समजून केलेल्या जाहिराती आणि रील भरपूर दिसतात. त्यांत बोलीचे चार अलंकार असतात आणि माहिती शून्य. साठ वर्षांच्या बाईला पुराच्या रात्री ‘भावा’ म्हणून हाक मारणं तिला आपलं वाटत नाही. कोल्हापुरी बोलीला मान देण्याची स्वतःची रीत आहे. ‘कवा आलासा?’, ‘जेवलासा का?’ यातला तो ‘सा’ आदराचा आहे. सूचनेच्या शेवटी ‘ऐकलासा का?’ असं विचारणारा आवाज गावातल्या जाणत्या माणसाचा वाटतो आणि त्याचं ऐकलंही जातं.

दुसरी चूक, एकच कोल्हापुरी सगळ्या जिल्ह्याला लावायची. चंदगडची बोली वेगळीच आहे, तिला कोकणीचा शेजार आहे. गडहिंग्लजच्या आणि सीमेलगतच्या बऱ्याच घरांत कन्नड बोलतात, तिथं सूचनेची कन्नड आवृत्ती हवी, कोल्हापुरी मराठी तिथं पुरेशी नाही. शिरोळला प्रश्नच निराळा: तिथं नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा मिळतात, पाणी वरून येण्याबरोबर मागूनही चढतं. त्या तालुक्यातल्या सूचनेत ‘फुगवटा’ हा शब्द असायलाच पाहिजे आणि कोणत्या नदीचं पाणी वाढतंय हे स्पष्ट यायला पाहिजे. नुसतं ‘नदीपातळीत वाढ’ म्हटलं तर ऐकणारा विचारणारच, कुठल्या नदीच्या?

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण इथलीच म्हणून सांगण्यासारखी. कोल्हापुरात बायका आणि मुली सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. बाहेरून आलेला कर्मचारी तिला सुधारायला गेला की ती गप्प होते आणि पुढची माहिती देत नाही. अर्जात आणि स्वयंघोषणापत्रात ‘करतो/करते’ छापून एक खोडायला लावण्यापेक्षा ‘मी जाहीर करत आहे’ छापावं. ते बाईलाही चालतं, पुरुषालाही, आणि काही खोडावंही लागत नाही.

तांत्रिक अंगही तपासण्यासारखं आहे. बऱ्याच कार्यालयांत अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर टाइप होतो, मग त्याचा फोटो किंवा पीडीएफ फिरते. असा मजकूर कॉपी केला तर चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं उमटतात, फोनला तो वाचून दाखवता येत नाही, शोधला तर सापडत नाही. दृष्टी अधू असलेल्या माणसाला त्यातून काहीच मिळत नाही. उपाय फुकट आहे: इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि युनिकोड फॉन्ट, आणि फोटोसोबत तोच मजकूर अक्षरांत. बोलीचा विचार त्याच्यानंतरचा.

हा वाद कोल्हापुरापुरता नाही. स्कॉटलंडमध्ये तो कित्येक वर्षं चालू आहे आणि त्यातून घेण्यासारखं बरंच आहे. तिथली स्कॉट्स ही इंग्रजीची सख्खी बहीण. ती स्वतंत्र भाषा की इंग्रजीची बोली, यावर तिथंही वाद होतात. २०११ च्या जनगणनेत १५ लाखांहून जास्त लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येतं असं सांगितलं. १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या पार्लमेंट मिळून एकच झाली; त्याच्या बऱ्याच आधी, पंधराव्या-सोळाव्या शतकांत, तिथले कायदे स्कॉट्समध्ये लिहिले जात होते. म्हणजे राज्यकारभार तिला नवा नाही. २०१५ मध्ये तिथल्या सरकारनं आपलं स्कॉट्सविषयीचं धोरण स्कॉट्समध्येही प्रसिद्ध केलं, आणि २०२५ च्या कायद्यानं गेलिक आणि स्कॉट्स या दोन्हींना अधिकृत दर्जा दिला.

विरोधकांचा मुद्दा असा: स्कॉट्स बोलणारा प्रत्येक जण इंग्रजी वाचतोच, मग दुसरं पान कशाला, खर्च कशाला? वाचनापुरता हा मुद्दा खोडणं अवघड आहे. तिथल्या स्कॉट्स पानांचं काम मुख्यतः मानाचं आहे: तुझी भाषा चुकीची नाही, हे सरकारनं सांगणं. ते कामही छोटं नाही. ज्या मुलाला शाळेत बोलण्यावरून झिडकारलं जातं, त्याला हे पान दिसणं महत्त्वाचंच. पण आपल्याकडं बोलीची बाजू त्याहून भक्कम आहे, कारण इथं ती वाचनावर उभी नाही, ऐकण्यावर उभी आहे. पुराच्या रात्री कुणी पीडीएफ उघडत नाही.

स्कॉट्सचा एक धडा मात्र जसाच्या तसा लागू होतो. २०२० मध्ये उघडकीला आलं की स्कॉट्स विकिपीडियावरचे हजारो लेख स्कॉट्स न येणाऱ्या एका अमेरिकन मुलानं लिहिले होते. इंग्रजी वाक्यांत शब्द बदलून आणि स्पेलिंग वाकडं करून ते तयार झाले होते. हेतू वाईट नव्हता, पण वाचणाऱ्यांना वाटलं की स्कॉट्स म्हणजे बिघडवलेली इंग्रजीच. उद्या पुण्या-मुंबईच्या एजन्सीनं कोल्हापुरी पत्रकं लिहून दिली, किंवा एखाद्या यंत्राकडून काढून घेतली आणि गावच्या माणसाला दाखवलीच नाहीत, तर इथंही तेच होईल. म्हणून मसुदा कुणीही लिहो, शेवटचा हात त्या तालुक्यात वाढलेल्या माणसाचा पाहिजे. तपासणीची पद्धतही सोपी आहे. पाच जणांना ऐकवा: एक शेतकरी, एक शाळा न शिकलेली म्हातारी, एक रिक्षावाला, एक कॉलेजचं पोरगं, एक परगावाहून आलेला मजूर. ‘कळलं का?’ असं विचारू नका, सगळेच ‘होय’ म्हणतात. ‘आता तुम्ही काय करणार?’ असं विचारा. पाचपैकी दोघांचं उत्तर चुकलं तर मसुदा बदलायचा.

कायद्याचा आधार हवा असेल तर तो आहेच. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चं कलम ४(४) सांगतं की माहितीचा प्रसार करताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातलं सगळ्यात परिणामकारक माध्यम लक्षात घ्यावं. भोंगा आणि बोली या दोन्ही गोष्टी त्या वाक्यात बसतात. राजभाषा अधिनियम १९६४ नं राज्याचा कारभार मराठीत आणला आणि त्यानंतर भाषा संचालनालयानं शासन व्यवहार कोशासारखे कोश तयार केले. त्या पिढीनं इंग्रजी फायलींतून मराठी उभी केली, ते काम मोठंच आहे. पण ते शब्द फाइल चालवायला घडवले होते, नदीकाठी ओरडून सांगायला नव्हेत.

आता फेरफाराची नोटीस. इथं निकाल उलटा लागतो: हा कागद बोलीत आणू नये. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५० खालची नोटीस उद्या प्रांताकडं, दिवाणी कोर्टात जाऊ शकते. तिथं प्रत्येक शब्दाला ठरलेला अर्थ लागतो. ‘भोगवटादार वर्ग २’ला (ज्याला सरकारी परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही असा धारक) सोपा शब्द शोधायला गेलं की जमीन विकता येते की नाही याचाच घोळ होतो. ‘पोटखराब’ (लागवडीला न येणारा भाग), ‘इतर अधिकार’ यांचंही तसंच. पण नोटिशीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटी, बारीक अक्षरांत, लांबलचक असतं: १५ दिवसांत हरकत आली नाही तर हरकत नाही असं समजून नोंदीवर निर्णय होईल, अशा अर्थाचं. ते वाक्य हुकतं म्हणून वाद वर्षानुवर्षं चालतात. क्षेत्राचाही घोटाळा असतो. सातबारा हेक्टर-आरमध्ये आणि माणूस गुंठ्यात. ‘आर म्हणजे गुंठाच की’ असं धरून चालतात, पण गुंठा १.०१ आरपेक्षा किंचित मोठा आहे. १०० आर म्हणजे १०० गुंठे नव्हेत, ९८.८४ गुंठे होतात. एका हेक्टरला १.१६ गुंठ्यांचा फरक, म्हणजे साधारण १२६० चौरस फूट. शहराच्या कडेला एवढ्यात घर बसतं.

म्हणून मूळ नोटीस तशीच ठेवून तिला एक चिठ्ठी टाचावी, मोठ्या अक्षरांत: ‘तुमच्या गटाच्या सातबाऱ्यावर नाव बदलायची नोंद धरली आहे. इकडं आपण हिला डायरी म्हणतो. तुमचं म्हणणं असलं तर हा कागद मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून चालणार नाही. क्षेत्र आरमध्ये आहे, गुंठ्यात नाही. ही चिठ्ठी समजण्यासाठी आहे, कायद्याला मूळ नोटीस धरली जाईल.’ शेवटची ओळ विसरू नये. ती नसली तर दोन कागदांत फरक काढून नवा वाद उभा राहतो, आणि मग असल्या चिठ्ठ्यांना परवानगीच मिळत नाही.

पाट्यांबद्दल थोडक्यात. तलाठ्याचं पद आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालंय आणि ग्रामसेवकाचं ‘ग्रामपंचायत अधिकारी’. दोन्ही नावं इतकी जवळची आहेत की माणूस चुकून दुसऱ्याच दारात उभा राहतो. पाटीवर नव्या नावाखाली कंसात जुनं लिहावं आणि त्याखाली कामं: सातबारा, डायरी, वारसनोंद इथं, घरफाळा, जन्मदाखला, पाणीपट्टी शेजारी. अशा पाटीचा खर्च एका रंगाच्या डब्याचा.

या सेवेत सुधारणा हवी असेल तर पावसाळ्यात मागून उपयोग नाही, तेव्हा कुणाला उसंत नसते. १ मेच्या ग्रामसभेत विषय घ्यावा. तीन ध्वनिमुद्रणं आधीच करून ठेवावीत: पाणी वाढतंय, ३९ फुटांची, ४३ फुटांची. गावातल्याच एका पुरुषाच्या आणि एका बाईच्या आवाजात. गावाचं नाव, कुठं जायचं ते ठिकाण आणि बंद झालेला रस्ता एवढ्याच जागा मोकळ्या ठेवाव्यात. पोलीस पाटलाकडं, कोतवालाकडं आणि देवळाच्या भोंग्याची किल्ली ज्याच्याकडं असते त्याच्याकडं एकेक प्रत द्यावी, पेनड्राइव्हवर आणि कागदावरही. वीज पहिल्याच दिवशी जाते, म्हणून बॅटरीवरचा हातातला कर्णा तपासून, सेल नवे घालून ठेवावा.